डॉक्टर, पलंगावरून पडलं बाळ

गुरुवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत दवाखान्यात मान वर करायला सवड नसते. दिवाळीनंतरच्या अशाच एका गुरुवारी बाराच्या सुमारास सासू-सून अडीच महिन्यांचे बाळ घेऊन आल्या. बाळ डावा हात हलवत नव्हते. अंगडे काढताना हाताला धक्का लागला की किंचाळत होते.

"काय झालं?" मी विचारले.

"पलंगावरून लोळून पडलं डॉक्टर, परवा रात्री," सासूबाई म्हणाल्या. सून जमिनीकडे बघत होती.

अडीच महिन्यांचे मूल लोळत नाही. कुशीवर वळायला, पालथे पडायला साधारण चार-पाच महिने लागतात. एखादे मूल हात-पाय झाडत कडेला सरकते हे खरे, पण दीड-दोन फुटांच्या पलंगावरून पडून दंडाचे हाड मोडणे ही सहजासहजी घडणारी गोष्ट नाही. शिवाय हात मोडलेले मूल परवा रात्री पडले आणि दवाखान्यात आज दुपारी आले. मधल्या दीड दिवसात काय झाले, हे कोणीच सांगत नव्हते.

त्या बाळाचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. मी त्या दिवशी बाहेरची गर्दी बाजूला ठेवून अर्धा तास त्या बाळाजवळ बसलो, त्याला एक जुने कारण आहे. आधी ते सांगणे भाग आहे.

माझी चूक

१९९६ साल. मला दवाखाना थाटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. एक तरुण जोडपे दहा आठवड्यांच्या मुलाला घेऊन आले. सर्दी होती. तपासताना उजव्या गालावर बोटभर लांबीचे दोन निळसर डाग दिसले. मी विचारले, आई म्हणाली, "खुळखुळा लागला असेल." मला ते पटले. म्हणजे खरे सांगायचे तर, मी त्यावर विचारच केला नाही. नाकात घालायचे थेंब दिले, डागांवर लावायला मलम दिले आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

तीन आठवड्यांनी पहाटे त्यांनी दार वाजवले. मुलाला झटके येत होते. टाळूवर हात ठेवला तर ती फुगून घट्ट झालेली. ताप नव्हता. अंगावर जखम सोडा, ओरखडाही नव्हता. मिळेल ती जीप करून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे कवटीच्या आत रक्त साचलेले आढळले, आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्तस्राव. मूल वाचले, पण त्याला पुढे नीट दिसले नाही. चालायलाही उशिरा लागले.

चार-पाच वर्षांनी त्याचे वडील एका संध्याकाळी एकटेच आले. मितभाषी माणूस. गिरणीत रात्रपाळी करायचे. शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "डॉक्टर, मी त्याला मारलं नव्हतं. रात्री काम, दिवसा हे रडणं. दोन्ही हातांनी धरून नुसतं हलवलं. गप झाला. मला वाटलं झोपला."

गालावरचे ते दोन डाग खुळखुळ्याचे नव्हते, बोटांचे होते. ते मी ओळखले असते आणि त्या बापाला बसवून चार शब्द विचारले असते, तर पुढचे टळले असते का? कदाचित टळले असते. हे ‘कदाचित’ मी गेली जवळजवळ तीस वर्षे बरोबर घेऊन फिरतो आहे.

‘नुसतं हलवलं’ म्हणजे काय

तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड असते. ते सावरायला लागणारे मानेचे स्नायू अजून तयार झालेले नसतात, म्हणून तर आपण मानेखाली हात धरतो. मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूपेक्षा मऊ आणि जास्त पाणीदार असतो. काखेत धरून रागाने गदागदा हलवले की डोके पुढे-मागे हेलकावते. कवटी थांबते, पण आतला मेंदू एका क्षणाने मागे राहतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक नीला ताणल्या जाऊन तुटतात आणि आत रक्त साचते. मेंदूला सूज येते. बाहेरून मात्र काही दिसत नाही. मूल गप्प होते, पेंगते, दूध ओढत नाही, उलट्या करते. आई-वडिलांना वाटते झोप लागली. डॉक्टरला वाटते पोट बिघडले.

इथे पालकांनी उगाच घाबरू नये म्हणून सांगतो. मांडीवर झुलवणे, पाळण्याचे झोके, हवेत अलगद उचलणे, खड्ड्यांच्या रस्त्याने एसटीचा प्रवास, यांनी असे होत नाही. हे होते ते संतापाने, सर्व ताकदीने हलवल्यामुळे. बघणाऱ्या कोणालाही कळेल की हे भयंकर आहे, अशा जोराने.

डॉक्टरांनाही उशिरा दिसले

आई-बाप स्वतःच्या पोटच्या पोराला इतके दुखवतात, हे मानायला आमचा पेशाही फार काळ तयार नव्हता. आंब्र्वाज तार्द्यू या फ्रेंच न्यायवैद्यकाने १८६० मध्ये मारहाण व छळ झालेल्या ३२ मुलांचे वर्णन लिहून ठेवले होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन एक्स-रेतज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. डोक्यात जुने रक्त साचलेले आणि हातापायांची हाडे ठिकठिकाणी मोडलेली. पण ‘हे कोणीतरी केले’ असे स्पष्टपणे लिहायला त्यालाही जड गेले. पुढे १९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांतील ३०२ मुलांची माहिती गोळा केली आणि या प्रकाराला ‘मार खाल्लेल्या मुलाचा लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यानंतर मात्र डोळे मिटून घेणे अवघड झाले.

"हे सगळं तिकडचं, आपल्याकडे एकत्र कुटुंब असतं," असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. पाच ते अठरा वयाच्या दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला होता. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते. आपल्या गोष्टींत आणि सिनेमांत हे पाप नेहमी सावत्र आईच्या माथी मारलेले असते. माझा अनुभव तसा नाही. मी पाहिलेली बहुतेक माणसे मुलावर प्रेम करणारी, सख्खी आणि अतिशय थकलेली होती. काही थोडी खरोखर क्रूर होती, तेही लपवत नाही.

ही पाहणी पाच वर्षांपुढच्या मुलांची होती, कारण त्यांना विचारता येते. पाच वर्षांखालचे मूल सांगणार कसे? त्याच्या वतीने त्याचे शरीर सांगते, ते वाचता आले पाहिजे.

कुठले डाग नेहमीचे, कुठले नाहीत

चालू-पळू लागलेल्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ, हनुवटी हे काळे-निळे असायचेच. तीन वर्षांच्या मुलाच्या नडगीवर एकही डाग नसेल तर मीच विचारतो, हा खेळतो की नाही? हाडाचा उंचवटा जिथे कातडीखाली असतो तिथे पडण्याचा मार लागतो.

चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, म्हणजे छाती, पोट, पाठ, कुल्ले यांवर, तसेच कानावर आणि मानेवर डाग असतील, तर थांबून विचार करावा. या जागा पडताना सहसा लागत नाहीत. गालाचा मऊ भाग, जबड्याचा कोपरा, पापण्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागात साकळलेले रक्त, हेही त्याच यादीत. आणि चार महिन्यांखालच्या मुलाच्या अंगावर कुठेही, कितीही लहान मुका मार दिसला तरी डॉक्टरने त्याचे पूर्ण कपडे काढून त्याला तपासलेच पाहिजे. जे मूल अजून सरकतही नाही, ते स्वतःला मार लावून घेणार कसे? १९९६ मध्ये मला हा एवढा साधा प्रश्न पडला नाही.

डागाचा आकारही बोलतो. पाच बोटांचे वळ, कमरपट्ट्याची पट्टी, लाटणे किंवा उलथणे यांच्या कडा आणि आजकाल दुमडून मारलेल्या मोबाईलच्या चार्जरच्या वायरचे लांबट फासासारखे वळ. चाव्याचे अर्धगोल वण. ‘धाकट्याला थोरल्याने चावलं’ असे सांगतात. तसे होतेही, पण मोठ्या माणसाच्या जबड्याची रुंदी पाच वर्षांच्या पोराच्या तोंडात येत नाही. रंगावरून मात्र तारीख सांगता येत नाही. निळा म्हणजे कालचा, पिवळा म्हणजे आठवड्याचा, असे आम्हाला शिकवले होते. ते विश्वसनीय नाही हे आता सिद्ध झाले आहे. कोर्टात छातीठोक सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक बारीक जागा तोंडाच्या आत असते. वरचा ओठ आतून हिरडीला एका पातळ चुणीने जोडलेला असतो. नुकते चालू लागलेले मूल तोंडावर पडले की ती फाटते, त्यात विशेष नाही. पण कडेवरच्या तान्ह्या मुलाची ती चुणी फाटलेली असेल, तर चमचा किंवा बाटली तोंडात कोंबली गेली असण्याची शक्यता असते.

हाडांविषयी थोडक्यात. न चालणाऱ्या मुलाचे मांडीचे किंवा दंडाचे हाड मोडणे आणि कुठल्याही तान्ह्या मुलाच्या बरगड्या, विशेषतः पाठीकडून, मोडलेल्या असणे या गंभीर गोष्टी आहेत. चालू लागलेल्या मुलाच्या नडगीच्या हाडाला पाय मुरगळून नागमोडी चीर पडते, तो मात्र अगदी सामान्य अपघात आहे.

भाजण्याचे प्रकार आपल्याकडे फार. ओट्यावरचे आमटीचे पातेले मूल ओढून घेते तेव्हा हनुवटी, मान, छाती भाजते आणि खाली येत येत ती जागा निमुळती होत जाते, कारण पदार्थ ओघळताना निवतो. कडा वेड्यावाकड्या, शिंतोडे इकडे तिकडे. उलट मुलाला गरम पाण्याच्या बादलीत किंवा घंगाळात मुद्दाम बुडवले असेल, तर दोन्ही पाय मोजा घातल्यासारखे एका सरळ रेषेपर्यंत भाजलेले असतात. शिंतोडे नसतात. का, तर मूल धरून ठेवलेले असते. पाण्यात पडलेले मूल धडपडते आणि पाणी उडते. चड्डी ओली केली म्हणून असे केलेले मी माझ्या कारकिर्दीत दोनदा पाहिले. दोन्ही वेळा घरची माणसे म्हणाली की त्याने स्वतःच पाय घातले. चटका बसल्यावर एक पाय बाहेर काढायच्या ऐवजी दुसरा पायही आत घालणारे मूल मला अजून भेटायचे आहे.

सर्वांत मोठी खूण अंगावर नसते, ती हकिगतीत असते. आई एक सांगते, वडील दुसरे, आजी तिसरे. केसपेपरवर लिहिलेली हकीगत सिव्हिलमध्ये पोचेपर्यंत बदलते. मुलाच्या वयाला न जमणारी गोष्ट सांगितली जाते. उशीर होतो. दर वेळी नवा डॉक्टर गाठला जातो.

संशयाला घाई नको

एवढे वाचून शेजारच्या घराकडे बघू लागण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐका. आपल्याकडच्या असंख्य बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-काळसर चट्टे असतात. ते मुक्या मारासारखे दिसतात. दाबल्यावर दुखत नाहीत, आठवडाभरात रंग बदलत नाहीत आणि काही वर्षांत आपोआप फिके होतात. शहरातल्या एका पाळणाघराच्या बाईंवर अशा चट्ट्यांवरून आळ आला होता. बिचाऱ्यांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. रक्तातील बिंबिका कमी होणे, हिमोफिलिया, यांतही काळे-निळे डाग येतात. मुडदूस असलेल्या आणि जन्मतः ठिसूळ हाडांच्या मुलांची हाडे थोडक्या माराने मोडतात. म्हणून रक्ताच्या आणि एक्स-रेच्या तपासण्या झाल्याशिवाय कोणावर बोट रोखू नये.

हात धरून ओढल्यावर कोपर उतरणे हाही असाच प्रकार. बाजारात चालता चालता पोराने फतकल मारली, आईने मनगटाला धरून वर उचलले, ‘कट्’ आवाज झाला आणि पोर हात लोंबकळत ठेवून रडू लागले. वर्षभरात असे कितीतरी येतात. कोपर विशिष्ट पद्धतीने वळवून बसवले की पाच-दहा मिनिटांत मूल गोळी घ्यायला तोच हात पुढे करते. हा छळ नव्हे. पण तेच मूल महिन्यातून तिसऱ्यांदा आले तर मी आईला वेगळे बसवून बोलतो.

बिब्बा आणि डाग देणे यांचे काय करावे, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. बाळाचे पोट फुगले म्हणून बिब्बा लावतात, तो उततो, कातडी जळते. मेळघाटात पोटफुगीवर तापवलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. आपल्या इतर भागांतही कावीळ, दमा, फिट यांवर डागणारे आहेत. हे करणाऱ्यांच्या मनात राग नसतो, उलट मूल वाचावे अशी तळमळ असते. म्हणून मी त्यांना छळ करणाऱ्यांच्या रांगेत बसवत नाही. पण भाजलेल्या पोटाला हेतू कळत नाही. जंतुसंसर्ग होतो आणि मूळचा न्यूमोनिया तसाच राहून मूल दगावते. डागणाऱ्या भगताइतकाच मला राग येतो तो, बावीस किलोमीटर दूर असलेले आरोग्य केंद्र कुलूपबंद असल्याचा.

राग कुठल्या क्षणी येतो

लहान मुलांना मार बसण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. रडणे, जेवणे, शी-शू आणि झोप. चारही गोष्टींत आपल्याला वाटते मूल मुद्दाम करते आहे.

रडण्याचेच घ्या. टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञाने १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रोज रडण्याची नोंद ठेवून घेतली. पहिल्या दोन आठवड्यांनंतर रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत जाते आणि तीन महिन्यांपर्यंत पुष्कळ उतरते. हे सगळे निरोगी मुलांचे, हे ध्यानात घ्या. रडणे बहुधा संध्याकाळी सुरू होते. आपल्याकडे तिन्हीसांजेचे रडणे म्हणतात, दृष्ट काढतात. दृष्ट काढण्याने निदान चार माणसे बाळाभोवती जमतात आणि आईच्या हातातून ते क्षणभर सुटते, एवढा फायदा मी मान्य करतो. ते पोट, ते दूध, ती गुटी असे करत आई हैराण होते. खरे तर भूक, ताप, ओले दुपटे, कानदुखी हे सगळे पाहून झाले आणि तरीही रडत असेल, तर ते त्या वयाचे रडणे आहे. कोणी काही केले म्हणून ते आलेले नाही, आणि केले म्हणून जाणारही नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात १९९८ च्या अखेरीपासून मार्क डायस या मेंदूशल्यचिकित्सकाने एक साधा प्रयोग केला. बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी आई आणि वडील दोघांना बसवून समजावायचे, की मूल रडेल, राग येईल, पण त्याला हलवू नका. काही वर्षांत तिथल्या तान्ह्या मुलांच्या अशा डोक्याच्या इजा जवळजवळ निम्म्यावर आल्या. पुढे पेनसिल्व्हेनियात तेच केले तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसते सांगणे पुरत नाही असे दिसते. मी तरीही सांगतो. सांगायला पाच मिनिटे लागतात आणि मला १९९६ आठवते.

मी बाळंतिणीला आणि तिच्या नवऱ्याला काय सांगतो? राग डोक्यात गेला असे वाटले की बाळाला पाळण्यात किंवा जमिनीवर गोधडीवर उताणे ठेवा आणि बाहेर या. दार ओढून घ्या. ओटीवर बसा, पाणी प्या, तोंडावर पाणी मारा. दहा मिनिटे रडल्याने कोणतेही मूल मेलेले नाही. मग जा आणि पुन्हा घ्या. शेजारणीला हाक मारायला लाजू नका. दारू घेतलेल्या माणसाच्या हातात, मग तो बाप असो की काका, मूल कधीही देऊ नका. आणि बाळंतपणानंतर दोन-तीन आठवडे उलटूनही आई सारखी रडत असेल, बाळाकडे बघायला तयार नसेल, ‘मला नको हे’ म्हणत असेल, तर तिला ‘नाटकं करते’ म्हणू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

शी-शूबाबत एकच सांगायचे. दिवसाची शू समजायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि रात्रीचे अंथरूण पाचव्या वर्षापर्यंत ओले झाले तर ते नैसर्गिकच आहे. त्यासाठी पाठीवर वळ उठवणे म्हणजे दात आले नाहीत म्हणून मारण्यासारखे आहे.

मागे मुलांच्या शिस्तीवर मी लिहिले तेव्हा एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले होते. त्यांनी लिहिले होते, "श्यामच्या आईनेही शिंपटीने मारले होते, मग?" गुरुजी, तिने मारले, आणि स्वतःही रडली, हे साने गुरुजींनी लिहिले आहे. श्याम तेव्हा पोहायला पाठवण्याइतका मोठा होता, तान्हा नव्हता. मी इथे तान्ह्यांविषयी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांविषयी लिहितो आहे. त्यातल्या कुणाच्या कानशिलात मारली तर कानाचा पडदा फाटतो. तो मी दुर्बिणीतून पाहतो तेव्हा मला शिस्त दिसत नाही. आणि शाळेतला मार तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने १ एप्रिल २०१० पासून बंदच केला आहे. स्वीडनने १९७९ मध्ये घरातलाही मार बंद केला, आपल्या शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलावर हल्ला किंवा क्रूरता केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शेजाऱ्याने, अंगणवाडीच्या ताईने, आशाताईने संशय आल्यास काय करावे? भांडायला जाऊ नये, त्याचा सूड बहुधा त्याच मुलावर निघतो. १०९८ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून ही सेवा सुरू झाली, २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथेही कळवता येते. पुरावा गोळा करणे हे तुमचे काम नव्हे. काय दिसले आणि कधी दिसले, एवढेच सांगायचे.

आता ते बाळ. (या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये एवढे बदलले आहे.) कंपाउंडरला सासूबाईंबरोबर औषधाच्या दुकानात पाठवले आणि सुनेला म्हणालो, "किती रात्री झोपली नाहीस?" ती एकोणीस वर्षांची. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ती रडली नाही, अगदी सपाट आवाजात म्हणाली, "मीच ओढला. हाताला धरून उचलला आणि टाकला गादीवर." मग विचारले, "माझं बाळ नेतील का डॉक्टर?"

मी तिला खोटे सांगितले नाही. म्हणालो, "चौकशी होईल. मी बरोबर येतो." त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवले. पोलिसांना कळवणे हा तिथल्या नियमाचा भाग होता. सर्व अंगाचे एक्स-रे, डोक्याचा स्कॅन, डोळ्यांच्या पडद्यांची तपासणी, रक्त. दंडाचे हाड सोडून दुसरे काही निघाले नाही. हात छातीशी बांधला, तीन आठवड्यांत हाड जुळले. आईला नैराश्य होते, त्याचे उपचार सुरू झाले. बाल कल्याण समितीने बाळ घरातच ठेवले, आजीच्या देखरेखीखाली, आणि संरक्षण कक्षाच्या एक बाई दर महिन्याला येऊन जातात. सासूबाई आधी माझ्यावर फार चिडल्या होत्या. ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली’ म्हणून दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

परवा संध्याकाळी दवाखाना उघडायला येत होतो, तर त्या मारुतीच्या पाराभोवती बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारताना दिसल्या. साडेसहा ते आठ ही त्यांची पाळी, सून तेवढा वेळ झोपते. बाळ आता साडेपाच महिन्यांचे आहे. संध्याकाळचे रडणे केव्हाच थांबले.

"मग आता कशाला फिरता मावशी?" मी विचारले.

"सवय झाली त्याला," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीला निघाल्या.